अध्यक्षांचा गुच्छ

ओहायोतल्या एका कॉलेजात हार्लन पीट हे धडकाधडकीच्या अमेरिकन फुटबॉलचे कोच होते. केस तिथेच पांढरे झालेले. कॉलेजचे अध्यक्ष व्हिटकोम यांना चेंडू गोल असतो की लांबट हेही धड माहीत नव्हतं, पण जिंकायची हौस दांडगी.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी सरावात ड्वेन या हुकमी खेळाडूच्या डोक्याला जबर मार बसला. डॉक्टरांनी त्याला खेळायला मनाई केली. अध्यक्षांनी पीटना बोलावून घेतलं.

"ड्वेन उद्या खेळेल. डॉक्टरांचं मी बघतो. जमत नसेल तर दुसरा कोच शोधू."

"खेळवतो," पीट म्हणाले. "उद्या शेवटच्या वर्षाची पोरं आईला घेऊन मैदानात येतील आणि रिवाजाप्रमाणे तुम्ही प्रत्येक आईला गुच्छ द्याल. ड्वेनच्या आईला देताना माइकवरून एवढंच सांगा, की डॉक्टर नको म्हणत असताना तुमच्या मुलाला मी खेळायला लावतोय."

अध्यक्षांनी ड्वेनचं नाव संघाच्या यादीतून खोडलं. दुसऱ्या दिवशी ड्वेन साध्या कपड्यांत बाकावर बसून होता. कॉलेज हरलं.

आठवड्याभरात पीट यांचा निरोप समारंभ ठरला. 'कोचना आता विश्रांती हवी आहे' असं जाहीर करून अध्यक्षांनी हसत गुच्छ पुढे केला. पीटनी तो घेतला आणि माइक स्वतःकडे ओढला.

"आपले अध्यक्ष फुलं देतात, तेव्हा त्यांचं काहीतरी सांगायचं राहून जातं. आज राहिलं ते मी सांगतो. मला काढून टाकलंय."