हाकेचा खडक

"नव्या सुनेची नजर कशी खाली हवी. आमची ही सदा आभाळात! चुलीवरचं उतू गेलं तरी पत्ता नाही हिला."

सासू शेजारणीला हे दाराआड सांगत होती आणि गोजराला आत सगळं ऐकू येत होतं. उतू काहीच गेलं नव्हतं.

सडेवाडीच्या माथ्यावर, पठाराकडे तोंड केलेला जो एकटा काळा खडक दिसतो, त्याची गोष्ट इथून सुरू होते, असं गावातले जाणते सांगतात.

दिवाळीच्या आधीचे दिवस. वाडीतले सगळे बाप्ये पठारावर गवत कापायला गेलेले. उन्हं कलताना गोजरानं वर पाहिलं. ढग एरवी वर चढतात. हे खाली लोंबत होते, दुभत्या गाईंच्या कासा ओळीनं टांगाव्यात तसे, पिवळट, गच्च. असं आभाळ तिनं माहेरी एकदाच पाहिलं होतं. त्या संध्याकाळी वीज पडून तिचा थोरला भाऊ गेला होता.

ती खडकापाशी धावली. "अवो, खाली या!"

वर कोणी हललं नाही. वाडीतली प्रत्येक बायको नवऱ्याला 'अवो'च म्हणायची. जो तो शेजारच्याला म्हणाला, "जा की, तुझी बोलावतेय," आणि म्हणे हसतहसत विळे पुन्हा चालू झाले.

सासू धापा टाकत आली. "गप बस गं! लोक बघत्यात."

गोजरानं पदर खोचला, खडकावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "नागोजी! बाळोजी! खाली या!"

सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव, तेही साऱ्या वाडीदेखत! सासूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. नागोजी लालबुंद होऊन उतरू लागला, मागोमाग बाळोजी, आणि आता काय होतंय ते बघायला बाकीचे सगळे. शेवटचा माणूस उतरतो न उतरतो तोच पठारावर वीज कोसळली. गवताच्या गंज्या धडाधड पेटल्या.

तरीही नागोजीचा राग उतरला नाही, असं सांगतात. जीव वाचला हे खरं, पण नाव घेतलं हेही खरंच. पंच तिथंच जमले. नाक घासून माफी माग, नाहीतर माहेरची वाट धर.

आजही गवतकापणीच्या पहिल्या सकाळी वाडीतली नवी सून या खडकावर चढून सासऱ्याला आणि नवऱ्याला नावानं हाक मारते. त्याआधी कोणी विळा उचलत नाही. कारण त्या संध्याकाळी गोजरा पंचांसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

"माफी कशाची? पुन्हा तसं आभाळ दिसलं, तर पुन्हा नाव घेईन. आन् तुमची नावं मला ठाऊक न्हाईत, तीबी आत्ताच सांगून ठेवा."