दस्तगीर मास्तरांचा एकच फोटो

१९ डिसेंबर २०२४, गुरुवार. कुरुंदवाड. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला, ऊन नाही. थंडी बेताची.

"…मग ह्यातली कुठली लावू, मास्तर?"

दस्तगीर मास्तर बारीक स्क्रूंच्या डब्याला सुतळी बांधत होते. त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली, डबा पेटीत ठेवला.

"मास्तर?"

"ऐकलं की."

आणि ते दुसरा डबा बांधायला बसले.

सन्मती उपाध्ये टेबलाशी उभा राहिला. टेबलावर त्यानं पिवळं फडकं पसरलं होतं आणि फडक्यावर दोन लेन्स. एक लिंबाएवढी, कडांचा काळा रंग उडून पितळ दिसायला लागलेली. दुसरी वाटीएवढी, जड, नवी कोरी नसली तरी नव्यासारखी जपलेली. तिच्या पुढच्या काचेत अख्खी खोली उलटी लटकलेली दिसायची.

ही खोली म्हणजे मास्तरांचा स्टुडिओ. एक्केचाळीस वर्षं चालला. लग्नाचे, शाळेच्या दाखल्याचे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे, सगळ्या गावाचे फोटो इथंच निघाले. पुढं फोनमध्ये कॅमेरे आले, स्टुडिओ बंद पडला, आणि मास्तर त्याच खोलीत बसून जुने कॅमेरे दुरुस्त करू लागले. आता वय एक्याऐंशी. उद्या साडेदहाच्या एसटीनं ते विजापूरला लेकीकडे निघाले होते. कायमचे.

सन्मती सांगलीचा. नऊ वर्षं दर गुरुवारी तो इथं शिकायला आला. आता पुण्याच्या प्रदर्शनात त्याचे फोटो लागतात आणि लोक त्याला 'काळोखातला फोटोग्राफर' म्हणतात. ते त्याला आवडायचं. एखाद्यानं म्हटलं नाही, तर तो स्वतःच आठवण करून द्यायचा.

नऊ वर्षांत त्यानं मास्तरांकडे एकच गोष्ट मागितली होती. त्यांचा फोटो. गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो कुणीच काढला नव्हता. दर दिवाळीला तो विचारायचा, दर दिवाळीला मास्तर म्हणायचे, "अजून न्हाई."

काल संध्याकाळी फोन आला.

"उद्या ये. एक घे."

एक म्हणजे एकच. स्टुडिओचा तो कायदाच होता. एका माणसाची एक फ्रेम. 'दुसरी घेतली म्हंजे पयली घेताना बघितलंच नव्हतं,' असं मास्तर सांगायचे, आणि एक्केचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी 'परत या' म्हटलं नव्हतं. हेही ते स्वतःच सांगायचे. छाती थोडी पुढं काढून.

"ही मोठी सोमवारी आली," सन्मती म्हणाला. "दीड वर्ष नंबर लावून ठेवला होता पुण्याच्या एका संग्राहकाकडं. अ‍ॅपर्चर पॉइंट नाइन फाइव्ह. सांगली, मिरज, कोल्हापूर… कुणाकडं नाही मास्तर. मी विचारलंय."

"विचारलंस पण."

"छोटीच्या चौपट उजेड घेते. चौपटीहून जास्तच. ही लावली की अंधार संपला. परवा आमच्या जैन बस्तीत एका बाईंचा काढला, नुसत्या समईच्या उजेडात. पापणीचा एकेक केस मोजून घ्या."

"कोण बाई?"

"…दर्शनाला आल्या होत्या."

"नाव?"

"नाव कशाला विचारू? त्यांना कळलंसुद्धा नाही फोटो काढल्याचं." हे सांगताना सन्मतीचा आवाज थोडा चढला. "तीच तर मजा आहे."

"असं व्हय."

मास्तरांनी दुसऱ्या डब्याची गाठ मारली.

"आणि छोटीनं काढायचा म्हटला तर?"

"ह्या खोलीत? आज ऊनही नाही. सेकंदाचा आठवा भाग द्यावा लागेल. म्हणजे कॅमेरा टेबलावर टेकवा, तुम्हाला 'हलू नका' म्हणा…"

"आणि मोठीनं?"

"तिसावा भाग. हातात धरून. कुणाला काही म्हणायला नको."

"मग लाव की मोठी."

"म्हणजे मोठीच बरोबर?"

"मी कुठं म्हटलं? फोटो तुझा. मी नुसता बसणार."

मास्तर उठले. कोपऱ्यातलं गिऱ्हाइकांचं स्टूल त्यांनी फुंकर मारून पुसलं आणि त्यावर बसले. एक्केचाळीस वर्षं ते ह्या स्टुलासमोर उभे राहिले होते. बसले ते मात्र असे, की पाठ सरळ, खांदे सोडलेले, डावा हात गुडघ्यावर. त्या हाताच्या तर्जनीचं नख फोटो धुण्याच्या औषधांनी कायमचं तपकिरी झालेलं. सन्मतीला फोटोत तो चेहरा हवा होता आणि तो हात हवा होता. चौकट त्याच्या डोक्यात गेली चार वर्षं तयार होती.

त्यानं मोठी लेन्स चढवली. कॅमेरा पुढून जड झाला.

मास्तरांनी स्टुलावरूनच हात लांब करून टेबलाच्या खणातून एक दोरा काढला. दर अर्ध्या फुटाला गाठ असलेला, मळलेला.

"ह्ये टोक कॅमेऱ्याला लाव. ह्ये मी डोळ्यापाशी धरतो. जी गाठ यील, तो आकडा लेन्सवर लाव. मग ताठ ऱ्हा."

सन्मतीला हसू आलं.

"दोरा, मास्तर? ह्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर आहे. ह्या खिडकीतून बघायचं, मधल्या चौकोनात माणूस दोनदा दिसतो, लेन्सची कडी फिरवून दोघांचा एक केला की…"

"माझ्याकडंच शिकलास न्हवं ह्ये?"

"…हो."

"मग बरोबर सांगतोस. बघ खिडकीतनं. काय दिसतंय?"

"तुम्ही."

"स्वच्छ?"

"एकदम."

"चौकोन जुळवलास?"

"नाही, अजून नाही."

"आणि स्वच्छ दिसतोय."

"खिडकीत सगळं स्वच्छच दिसतं, मास्तर. खिडकी वेगळी, लेन्स वेगळी."

"आणि लेन्सला टोपण घातलं तर?"

"तरी स्वच्छच." सन्मती पुन्हा हसला. "नव्या पोरांना आपण हेच सांगतो की."

"हां… सांगतो खरं."

मास्तरांनी दोरा बोटाला गुंडाळला, पेटीत टाकला आणि हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

सन्मती त्यांच्यापासून हातभर-दोन हात अंतरावर एका गुडघ्यावर बसला. डोळा खिडकीला लावला. मधला चौकोन अंधुक होता. मास्तरांचा चेहरा आणि चेहऱ्याची सावली, दोन्ही राखाडीत मिसळून गेलेले.

"मास्तर, ती खिडकी जरा उघडू? रस्त्याकडची?"

"अंधार संपला म्हणत होतास."

"फिल्मपुरता संपला. मला चौकोन दिसायला…"

"एवढा मोठा डोळा आणलास, आणि तुला दिसत न्हाई?"

"तो फिल्मचा डोळा आहे, मास्तर."

"मग तुझा कुठला?"

कॅमेऱ्यावरच्या त्या करंगळीच्या नखाएवढ्या खिडकीला सन्मतीनं पुन्हा डोळा लावला. रस्त्याकडची खिडकी बंदच राहिली. त्याला राग आला होता. रागानं त्याचा हात मात्र चांगला स्थिर झाला. मास्तरांच्या डाव्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका होता. तो चौकोनात दोनदा दिसत होता. कडी केसाएवढी फिरली, दोन ठिपके जवळ आले… एक झाले.

सापडलं.

एवढ्या जवळून पॉइंट नाइन फाइव्हला बोटभर जाडीचीच जागा स्वच्छ मिळते. त्याच्या पुढचं आणि मागचं धुक्यात जातं. प्रदर्शनात तो लोकांना आपलं बोट आडवं धरून दाखवायचा. एवढीच जागा, म्हणायचा, आणि त्या जागेत माणूस बसवायचा.

आता चौकट. चेहरा वर, हात खाली उजवीकडे…

हात दिसेना.

मोठ्या लेन्सचा पुढचा गोल खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आला होता. मास्तरांचा गुडघा, हात, ते तपकिरी नख, सगळं त्या काळ्या गोलाआड. फिल्मवर हात येणार हे सन्मतीला पक्कं ठाऊक होतं. पण चार वर्षं मनात धरलेला हात आयत्या वेळी दिसू नये, हे त्याला सोसवेना. हात नीट आहे ना, बोटं मिटली तर नाहीत ना, हे बघायला तो थोडा पुढं आणि थोडा वर झाला. गोलाच्या कडेवरून नख दिसलं. बोटं सोडलेली होती. चेहरा स्वच्छ, डोळे स्वच्छ, सगळंच जागच्या जागी.

त्यानं बटण दाबलं.

"झाला?"

"झाला."

"बरं."

मास्तर तरी उठले नाहीत. जरा वेळ तसेच बसून राहिले.

सन्मतीनं कॅमेरा छातीशी धरला. नऊ वर्षं. आता प्रदर्शनाच्या पहिल्याच भिंतीवर, एकटा, बाजूला दुसरं काही नको. खाली दोन ओळी: दस्तगीर मास्तर, कुरुंदवाड. फोटो, सन्मती उपाध्ये. पुण्यातले कोण कोण तिथं थबकणार, तेही त्याला दिसायला लागलं.

"फिल्म धुऊनच जा," मास्तर म्हणाले. "टाकी बांधायची ठेवलीया. औषध पण हाय."

"घरी धुतो की. शांतपणे."

"उद्या मी नसणार."

मग सन्मतीनं काळ्या पिशवीत हात घालून फिल्म टाकीच्या चाकावर चढवली. औषध ओतलं. नऊ मिनिटं. दर मिनिटाला टाकी उलटी, सुलटी. मास्तरांनी तेवढ्यात स्टोव्हवर चहा टाकला.

"विजापुरात काय करणार, मास्तर?"

"नातीला शाळेत सोडायचं. आणायचं. तिथं मला कुणी वळखत न्हाई, त्यामुळं फोटोचं कुणी बोलणार न्हाई. सुखाचा जीव."

"मी येईन की अधूनमधून."

"मोठी लेन्स घेऊन येऊ नगोस. नात घाबरंल."

दोघंही हसले. चहात आलं जास्त झालं होतं. सन्मतीनं कप संपवला, फिल्म धुतली, दोन बोटांच्या चिमटीतून पाणी निथळवलं आणि तारेला चिमट्यानं टांगली. लांब पट्टीवर एकच चौकट काळी उमटलेली, बाकी सगळी कोरी.

वाळेपर्यंत थांबायचं असतं. तो थांबला नाही. मास्तरांचं भिंग घेऊन त्यानं ओल्या फिल्मला डोळा लावला.

मग भिंग काढलं.

पुन्हा लावलं.

फिल्म वाळायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात मास्तरांनी तिसरी पेटी बांधली, चहाचे कप विसळले, स्टोव्ह थंड झाल्यावर कागदात गुंडाळला. सन्मती तारेखाली उभा होता.

चाळीस मिनिटांनी मास्तर आले. चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंगातून बघायला लागले. सावकाश. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग मधे.

डावा कान स्वच्छ आला होता. कानावरचे केस एकेक दिसत होते. कानामागून येणाऱ्या चष्म्याच्या दांडीवर गावच्या सोनारानं जोडताना मारलेला डागही दिसत होता. तिथून पुढं गाल, नाक, दोन्ही डोळे, गुडघ्यावरचा हात… धुकं.

"मास्तर," सन्मती म्हणाला, "शेवटच्या क्षणी तुम्ही पुढं झालात."

"किती?"

"चार बोटं. चार बोटं तरी."

"असंन."

मास्तर अजून भिंगातच होते.

"मी पुढं झालो, तवा तू कुठं बघत हुतास?"

"तुमच्याकडंच. दुसरीकडं कुठं बघणार?"

"मग दिसलो असंन पुढं आलेला."

"नाही, तेव्हा मला…"

"काय?"

"तेव्हा मला… सगळं स्वच्छच दिसत होतं."

बाहेरून उसाची एक ट्रॉली गेली, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पेटीवरची कात्री उचलून ती एक चौकट कापली, बटर पेपरच्या पाकिटात घातली आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं. उरलेली कोरी पट्टी त्यांनी सन्मतीच्या हातात दिली.

"खिडकीत स्वच्छ दिसलं, ते तू ठेव. कान मी नेतो."