राजाची मूठ

आज कुणीतरी ओहोटीच्या वाळूत पाय न घासता पळालंय. मी नाव घेणार नाही. पण घासत गेलेल्या पायांची रेघ उमटते आणि पळालेल्या पायांची पावलं उमटतात, एवढं मला कळतं. संध्याकाळी किनाऱ्यावर मी रेघा पाहिल्या, आणि रेघांच्या शेजारी पावलंही पाहिली. लहान पावलं, टाच खोल रुतलेली. ज्याची आहेत त्याला ठाऊक आहे. आता रडायचं नाही. पायाची वाळू पुसा, गोधडीत शिरा आणि ऐका. मधून मधून हुं म्हणा. हुं आलं नाही, तर झोपलात असं समजून मी थांबेन.

एक होता राजा. वाईट नव्हता, बरं का. वाईट राजाची गोष्ट सोपी असते, त्याला हरवलं की संपते. हा राजा नुसता विसराळू होता. आपण विसरलो तर आपल्याला बोलणी बसतात. राजा विसरला तर त्याला कोण बोलणार?

तर एकदा काय झालं, या राजाला समुद्रात किल्ला बांधावासा वाटला. वाळवटी नावाच्या गावासमोर पाण्यात एक काळा खडक होता. त्या खडकाला होडी कशी लावायची, ते फक्त वाळवटीच्या माणसांना माहीत होतं. मग राजा गावात आला. म्हणाला, "मला एकवीस माणसं द्या."

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस पुढे आला. तो म्हणाला, "नेऊ नका म्हटलं तरी न्याल, महाराज. पण परत कधी देणार, ते आमच्या रीतीनं सांगा."

आता ती रीत काय होती, ऐका. वाळवटीत शब्द द्यायचा असला, तर ओहोटीच्या पाण्यात उभं राहायचं. खाली वाकून ओल्या वाळूची मूठ भरायची. शब्द बोलायचा आणि मूठ पाण्यात सोडायची. मग तो शब्द समुद्राकडे राहतो. शब्द पुरा झाला, की त्याच जागी यायचं, पुन्हा मूठभर वाळू उचलायची आणि कोरड्यात टाकायची. म्हणजे शब्द मोकळा, माणूसही मोकळा.

राजाला गंमत वाटली. त्यानं जोडे काढले, पाण्यात उतरला, मूठ भरली. म्हणाला, "एकवीस माणसं नेतो. किल्ला उभा राहिला, की एकवीसच्या एकवीस परत आणून देतो." आणि मूठ सोडली.

गर्दीत एक सात वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावर बसली होती. तिचं नाव पोवळी. बापाचं नाव हिराजी. पोवळीनं पाहिलं, राजाची वाळू पाण्यात पसरली नाही. मुठीच्या आकाराची तशीच तळाला गेली. तिनं बापाच्या कानात सांगितलं. बाप म्हणाला, "राजाची वाळू आहे, जड असणार." आणि हसला. मग तो तिला खाली उतरवून होडीत बसला. त्या एकविसांत तो होता.

पहिल्या वर्षी पाया झाला. दुसऱ्या वर्षी तट झाला. तिसऱ्या वर्षी बुरूज झाले आणि वर निशाण चढलं. गावातल्या बायका निशाण बघून किनाऱ्यावर धावल्या. पोवळीची आई येसू, तीही धावली. दिवसभर उभ्या राहिल्या. होडी आली नाही.

मग पोवळी रोज ओहोटीला त्या जागी जाऊ लागली. एक दिवस ती वाळूकडे बघत होती. तर वाळूही तिच्याकडे बघत होती.

हो. वाळूला डोळे होते. दोन, बारीक, वर आभाळाकडे लागलेले. डोळ्यांखाली रुंद तोंड, तेही वर वळलेलं. बाकी सगळं अंग वाळूत. आणि पाठीवर काटे. किती? मुठीला बोटं किती? पाच. तितकेच काटे.

"तू कोण?" पोवळीनं विचारलं.

"मला नाव नाही," तो मासा म्हणाला. "मी राजाची मूठ. सोडली, पण उचलली नाही."

"मग इथं काय करतेस?"

"वाट बघते."

"मीपण," पोवळी म्हणाली.

मग दोघींनी मिळून वाट बघितली. पाणी चढायला लागलं, तेव्हा मासा म्हणाला, "तू उद्या येशील तेव्हा पाय घासत ये. दमानं. म्हणजे मला कळेल आपलं माणूस आलं, मी बाजूला सरकेन. धाडकन पाय टाकणारा आला, तर तो राजाच असं मी समजेन. माझ्या काट्यात तीन वर्षांचं विष साठलंय."

पोवळीनं गावात सांगितलं. तेव्हापासून वाळवटीची बायकामुलं पाय घासत पाण्यात जाऊ लागली. शिंपल्या काढायला जा, जाळं टाकायला जा, पाय घासत.

मग एकदा राजा किल्ला बघायला आला, पालखीत बसून. बायकांनी पालखी अडवली. "महाराज, आमची माणसं?" राजा म्हणाला, "पाण्याचं टाकं व्हायचंय अजून." पोवळीनं भोयांना सांगितलं, पाय घासत चला. भोयांनी ऐकलं. ज्याच्या खांद्यावर ओझं असतं, तो पायाखालचं ऐकतो. पालखी सुखरूप होडीपर्यंत गेली.

दुसऱ्यांदा राजा घोड्यावर आला. "महाराज, आमची माणसं?" "धान्याचं कोठार व्हायचंय अजून." घोड्यानं पाणी हुंगलं आणि चारी पाय रोवून उभा राहिला. टाच मारली, चाबूक मारला, हलला नाही. राजा चिडून परत गेला.

तिसऱ्यांदा राजा चालत आला. घोड्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता आणि पालखीचे भोई त्यानं किल्ल्यावर दगड वाहायला पाठवले होते. ओहोटी होती. होडी लांब उभी होती. राजाबरोबर एक वैद्य, एक मांत्रिक आणि एक सरदार.

पोवळी आता अकरा वर्षांची झाली होती. ती समोर उभी राहिली. "महाराज, आमची माणसं?"

"कुठली माणसं?" राजानं विचारलं.

त्यानं खरंच विचारलं, बरं का. तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता.

राजा तिला ओलांडून पाण्यात शिरला. तिला दिसत होतं तो कुठं चाललाय ते. अजून दहा पावलं. गप्प राहायचं, बस. एवढंच करायचं होतं तिला. तुम्ही काय केलं असतं? सांगू नका, मनात ठेवा.

पोवळी ओरडली, "महाराज, पाय घासत चला! वाळूत काटा आहे!"

राजानं मागे वळून पाहिलं. म्हणाला, "राजा पाय घासत चालत नाही, पोरी."

आणि धाडकन पाय टाकला.

मग जी किंकाळी उठली, ती खडकावर ऐकू गेली म्हणतात. तिघांनी धरून राजाला वाळूवर आणलं. पाय भोपळ्यासारखा सुजला. वैद्यानं थंड लेप लावला. राजा आणखी ओरडला. मांत्रिकानं मंत्र म्हटले. राजानं त्याला लाथ मारली, चांगल्या पायानं. सरदारानं गुलाबपाणी ओतलं. राजा ढसाढसा रडायला लागला.

तेव्हा येसू घरातून आली. चुलीवर पेजेचं आधण ठेवलं होतं, ते मडकंच उचलून आणलं. थोडं गार पाणी घालून आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला. म्हणाली, "पाय घाला यात. सोसेल तितकं गरम आहे."

वैद्य म्हणाला, "ही काय औषधाची रीत झाली?"

येसू म्हणाली, "तुमचा लेप लावून झालाय ना? मग बसा गप."

राजानं पाय घातला आणि हळूहळू रडायचा थांबला. गरम पाण्यानं तो ठणका उतरतो, अजूनही उतरतो. आता दवाखाना आहे, तिथं जायचंच, पण पोचेपर्यंत गरम पाणीच. लक्षात ठेवा.

पण पाणी निवलं, की ठणका परत. मग दुसरं मडकं. त्यासाठी मासळी वाळवायच्या काठ्या जाळल्या. तेही निवलं. मग तिसरं मडकं. त्यासाठी जानकूबायनं आपल्या झोपडीच्या दाराची फळी काढून दिली. ही जानकूबाय म्हणजे लखमाची आई. लखमा हा त्या एकविसांतला सगळ्यात लहान, अठरा वर्षांचा. तिसरं मडकंही निवायला लागलं.

"लाकूड आणा!" राजा कळवळला.

सरदार तलवार उपसून उंडीच्या झाडाकडे धावला. घाव घातला. तलवार वाकली. इतक्या दुःखातही बायकांना हसू आलं. एक जण म्हणाली, "भाजी चिरायला ठेवा ती."

"अरे, कुणीतरी लाकूड आणा!"

येसू म्हणाली, "कोण आणणार, महाराज? लाकूड फोडणारे हात तुमच्या किल्ल्यावर आहेत. वाळलेलं लाकूडही तिथंच आहे, बांधकामाच्या परांचीचं."

राजानं तिच्याकडे पाहिलं. मग पोवळीकडे. मग आपल्याला काटा लागला त्या पाण्याकडे. तेव्हा त्याला आठवलं. मूठ आठवली, शब्द आठवला. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "बोलवा. सगळ्यांना बोलवा."

म्हाताऱ्यानं शंख फुंकला. तीनदा फुंकला. खडकावरून होड्या सुटल्या, लाकडांनी भरलेल्या. माणसं उतरली. उन्हानं काळी पडलेली, हाडं वर आलेली. पोवळीनं आधी बापाला ओळखलंच नाही. त्यानं तिला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले. मग बघितलं, ती केवढी झाली आहे, आणि हात तसेच राहिले. मग तिनंच त्याला मिठी मारली.

चूल पेटली. पाणी तापलं. रात्र व्हायच्या आत राजाचा ठणका गेला. तो उठला, लंगडत त्या जागी गेला. पाय घासत गेला, बरं का. वाकून त्यानं मूठ भरली. वर काढली, तर वाळू बोटांतून गळून गेली. पुन्हा भरली, पुन्हा गळली. तिसऱ्यांदा भरली, तेव्हा खालून मासा म्हणाला, "एकवीस म्हणाला होतास. मोज."

राजानं मोजली. वीस.

"एकविसावा कुठाय?" त्यानं सरदाराला विचारलं. सरदाराला माहीत नव्हतं. वैद्याला माहीत नव्हतं. मांत्रिकाला तर काहीच माहीत नव्हतं. हिराजी मान खाली घालून म्हणाला, "लखमा. दुसऱ्या वर्षी तटावरून पडला, समुद्रात. आम्ही सांगितलं होतं, महाराज. तुमच्या माणसानं म्हटलं, कळवतो."

जानकूबाय चुलीपाशी बसली होती. तिच्या दाराची राख तिच्यासमोर होती. ती नुसती त्या राखेकडे बघत राहिली.

राजा मटकन वाळूत बसला. सरदार हळूच म्हणाला, "महाराज, या माशाला काहीतरी दुसरं नाव देऊ. विषारी बांगडा म्हणू, काटेमासा म्हणू. तुमचं नाव कशाला त्यात?"

राजा म्हणाला, "नाही. याला राजमूठ म्हणायचं. मी मेल्यावरसुद्धा पोरांनी विचारलं पाहिजे, राजमूठ का म्हणतात. आणि त्यांना खरं ते सांगायचं."

म्हणून त्याचं नाव राजमूठ. म्हणून तो अजून वाळूत आहे. एक माणूस परत द्यायचा राहिला, म्हणून ती मूठ कुणालाच उचलता येत नाही. आणि म्हणून आपण पाय घासत चालायचं, म्हणजे त्याला कळतं, ही आपली माणसं, यांनी काही बुडवलेलं नाही.

बाकीचे वीस आपापल्या घरी राहिले. पोवळी मोठी झाली, तिचं लग्न झालं, बापानं तिला जाळं विणून दिलं. पुन्हा त्या गावातून कुणी माणसं नेली नाहीत. सगळे पोटभर जेवले आणि वेळेवर झोपले. तुम्हीही झोपा. डोळे मिटा.

काय? कोण जागं आहे अजून?

दार? हां, जानकूबायचं दार. मी सांगणार नव्हते.

तर पुढच्या वर्षी, त्याच दिवशी, राजा आला. पालखी नाही, घोडा नाही. किनाऱ्यानं चालत, खांद्यावर सागाची फळी घेऊन. उघड्या झोपडीसमोर उभा राहिला. स्वतः फळी बसवली. दोनदा बोटावर हातोडी मारून घेतली. मग बरोबर आणलेली कडी ठोकायला लागला.

जानकूबाय आतून म्हणाली, "दार राहू दे, महाराज. कडी तेवढी नको. लखमाला हाक मारायची सवय नाही, तो सरळ आत येतो."