नऊ दिवसांचे वर्ष

डोंगरमाथ्यावरच्या एका वेधशाळेत एकदा इरावती नावाची एक शिष्या वृद्ध आचार्यांच्या हाताखाली संशोधन करीत होती. साडेतीन वर्षे तिने एकाच ताऱ्याचा ध्यास घेतला होता. तारा आपल्या सूर्याच्या शेजारातलाच; पण लाल, बटू आणि इतका मंद, की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

"आकाशात एवढे तेजस्वी तारे असताना हा निखारा कशाला धरून बसलीस?" सहकारी विचारीत.

ती म्हणे, "मोठ्या ताऱ्याला छोटा ग्रह फारसा हलवू शकत नाही. हा लहान आहे. याच्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह असेल, तर हा थोडा तरी डोलेल."

आणि एका सकाळी, साडेतीन वर्षांचे वेध एकत्र मांडताना, तो डोलताना दिसला. रांगत्या बाळाच्या गतीने जरा पुढे, जरा मागे. आणि दर नऊ दिवसांनी पुन्हा तेच. पृथ्वीहून किंचित जड असा खडकाळ ग्रह असावा आणि त्याचे वर्ष अवघे नऊ दिवसांचे!

इरावती धावतच आचार्यांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा पुसून आलेख दोनदा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. पण तोंडून शब्द निघाले ते असे :

"हे सगळं आजच प्राध्यापकांना पाठव. एकही वेध मागे ठेवू नकोस."

कोणते प्राध्यापक, हे तिला विचारावे लागले नाही. वीस वर्षांपूर्वी आचार्यांनीही एक ग्रह जाहीर केला होता. सत्कार झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पुढे सहाच महिन्यांत परदेशातल्या या प्राध्यापकांनी सिद्ध केले, की तो ग्रह नव्हताच. ताऱ्याच्या अंगावरचा डाग ताऱ्याबरोबर फिरत होता आणि त्यामुळे तारा डोलल्याचा भास होत होता.

"सर, ते याचाही डागच करून टाकतील," इरावतीचा आवाज कापला. "शिवाय याच ताऱ्यामागे आणखी दोन पथकं आहेत. आपण थांबलो तर ती पुढे जातील."

"जाऊ देत. तू पाठव."

ती रागारागाने संगणकापुढे बसली. वेधांतले अकरा आकडे तिच्या आलेखात नीट बसत नव्हते. ढगाळ हवेची सबब सांगून ते सहज गाळता आले असते. तिने ते निवडलेसुद्धा. मग बराच वेळ तशीच बसून राहिली आणि शेवटी सगळेच्या सगळे पाठवून दिले. त्या दिवशी ती आचार्यांशी बोलली नाही.

सेहेचाळीस दिवस उत्तर आले नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी दुपारी आचार्यांच्या खोलीत, दोघांसमोर, संगणकाच्या पडद्यावर स्वतः प्राध्यापकच दिसले.

"खरं सांगतो, तुमचा ग्रह मोडून काढायलाच बसलो होतो," ते म्हणाले. "अवरक्त प्रकाशात डाग फिके पडतात; म्हणून डाग असता तर त्या प्रकाशात हे डोलणं कमी दिसलं असतं. आमच्या दुर्बिणीतून तसं पाहिलं. कणभरही कमी नाही. ग्रह खरा आहे."

इरावतीला रडू आवरेना. पण प्राध्यापकांचे बोलणे संपले नव्हते.

"तुमचे अकरा वेध मात्र बसेनात. म्हटलं, इथे पकडतो! तुमचा ग्रह आकड्यांतून वजा केला, तर जे उरलं ते दर तेवीस दिवसांनी परत येतंय. बाई, तिथे आणखी एक ग्रह आहे. पहिल्याहूनही लहान."

ऐंशीच्या घरातले आचार्य टाळी वाजवून उठले आणि लहान मुलासारखे हसू लागले.

पुढे दोघेच उरल्यावर तिने विचारले, "सर, तुम्हाला त्यांची भीती नाही वाटली?"

"वाटली ना! झोप उडाली होती माझी," आचार्य शांतपणे म्हणाले. "माझा ग्रह मी फक्त माझ्या माणसांना दाखवला होता. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, म्हणून ते हो म्हणाले. प्रेमाला डाग दिसत नाही, इरावती. हे ग्रह आपल्याला कधी डोळ्यांनी दिसणार नाहीत. त्यांच्या बाजूनं उभा राहणारा साक्षीदार असा हवा, की ज्याला ते नसावेत असंच वाटत होतं."

महिन्याभराने शोधनिबंध जाहीर झाला. इरावतीच्या आग्रहावरून त्यावर प्राध्यापकांचेही नाव होते. सभागृह तुडुंब भरले होते आणि प्राध्यापक मुद्दाम विमानाने आले होते. बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज जराही कापला नाही.

"दोन नवी जगं सापडली आहेत," ती म्हणाली. "एक मी शोधलं. दुसरं, माझं पहिलं खोटं ठरवायला निघालेल्या माणसानं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गजरात सर्वांत आधी उभे राहिले ते प्राध्यापक, आणि शेजारी बसलेल्या आचार्यांना त्यांनीच हात देऊन उठवले.