दोणीत सोडलेलं खमीर

ही दगडी दोण पाहिलीत? पाण्यात हात नका घालू, आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या उमरवाडीत सणाला पावाची भट्टी पेटवायची, तर आधी खमिराची छोटी गोळी हिच्या पाण्यात सोडतात. तरंगली तर खमीर तयार. बुडाली तर थांबायचं, कितीही पाहुणे खोळंबले तरी थांबायचं.

पूर्वी इथे गढी होती, असं सांगतात. गढीच्या भट्टीवर कातरीन नावाची बाई माडीवर, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसावर, पीठ आंबवून पाव भाजायची. एकदा गढीच्या अंमलदाराची गलबतं पाव भरून संध्याकाळच्या भरतीला निघायची होती. त्याने सकाळीच कातरीनला भट्टीघरात घातलं नि बाहेरून कुलूप लावलं. पाव हलके झाले तर दार उघडेल, दगडासारखे निघाले तर पुन्हा पीठ नि पुन्हा कुलूप. तिचं सहा महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू भिंतीपलीकडे झोपडीत राहिलं.

थंडीचे दिवस. खमीर काही केल्या फुगेना, आणि लेकरू रडायला लागलं. ते रडलं की हिला खमीर तयारच वाटायचं म्हणे. बोटाने दाबून बघे, वास घेई, आणि दर वेळी मन म्हणे, झालं, पेटव आता. आईच ती, तिच्या बोटांवर कोण विश्वास ठेवणार? तिचा स्वतःचाही राहिला नाही. शेवटी तिने खमिराची एक गोळी पिण्याच्या पाण्यात टाकली. बुडाली. बऱ्याच वेळाने दुसरी टाकली, तीही बुडाली. तिसरी टाकायच्या आत बाहेरचं रडणं थांबलं.

कातरीन काय समजायचं ते समजली. दारावर डोकं आपटून झालं, पहारेकरी जागचा हलला नाही. बाहेर पडायची वाट एकच होती. तिने तिसरी गोळी टाकली, ती तरंगली, आणि तिने पाव भाजले. काय करणार बिचारी?

दार उघडलं तेव्हा समोर शेजारची रेमेत उभी होती, खांद्यावर लेकरू गाढ झोपलेलं. तिने दुपारीच त्याला आपल्या अंगावर पाजलं होतं, पण पहारेकऱ्याच्या धाकाने आत हाक मारली नव्हती. कातरीनने आधी रेमेतच्या थोबाडीत दिली, मग लेकरू घेतलं. "एक शब्द सांगायचा होतास गं," एवढंच म्हणाली.

आजही गोळी बुडाली की एक शेजारीण भट्टीघराच्या दाराबाहेर येऊन उभी राहते. आतल्या बाईला मूल असो वा नसो, ती हाक मारून सांगते, "बाय, लेकरू माझ्याकडे आहे. पोटभर प्यालंय. तू सावकाश ये."