बनाजी तेल्याचा बांध

आजोबांच्या आजोबांनीही ज्याबद्दल नुसतं ऐकलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. कोकणात खाडीकाठी खारवाडे नावाचं गाव होतं. तिथे बनाजी तेली राहायचा. तो बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. शुक्रवारी दिवस मावळला की त्याचा घाणा थांबायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. म्हणून लोक त्याला शनवार तेली म्हणत. त्याच्या बैलालाही वार कळायचा, असं म्हणतात. शनिवारी जू दिसलं की तो बसकण मारायचा.

एका श्रावणात, शनिवारी सकाळी, उधाणाने खाडीचा बांध फुटला. खांड पडली ती खालच्या वाडीसमोर. त्या वाडीच्या हातचं पाणीही वरच्या आळीला चालत नसे. ओहोटी लागली, पण पुढच्या भरतीला खांड रुंदावणार हे सगळ्यांना दिसत होतं. खोताने ठरवलं, आतला जुना बांध उंच करायचा. म्हणजे वरची शेतं वाचणार आणि खालची वाडी पाण्यात जाणार.

बनाजी घरी प्रार्थना करत होता. खालच्या वाडीतली राघी त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. कडेवर लेकरू होतं.

"एवढं लेकरू ठेवून घ्या," ती म्हणाली. "आम्ही खांड बुजवायला बांधावरच थांबणार."

बनाजीने प्रार्थनेची शाल घडी करून ठेवली. बाहेर येऊन तो घाण्याच्या दगडी उखळाकडे बघत राहिला. उखळ खांडीत टाकायचं त्याच्या मनात आहे, हे मिलकाबाईने, त्याच्या बायकोने, ओळखलं. उखळ गेल्यावर खायचं काय, असं तिने विचारलं. माहीत नाही, असं तो म्हणाला. मग तिनेच आतून पहार आणून दिली आणि लेकरू कडेवर घेतलं.

उखळ उपटून ओंडक्यांवर चढवलं. बैल आपणहून जुवाखाली आला, असं म्हणतात. वाटेत खोत आडवा आला.

"बनाजी, आज तुझा शनिवार ना? घरी बस."

"शनिवार माझाच आहे, खोत. जीव वाचवायला देवाने त्या दिवशी कधी अडवलेलं नाही."

खालच्या वाडीने दोर धरले. वरच्या आळीतले लोक आधी नुसते बघत होते. मग एक जण उतरला, मग बाकीचे. गर्दीत पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी म्हातारा खांदा लावत होता, असं म्हणतात. उखळ खांडीत बसलं, त्यावर दगडमाती पडली, आणि भरती बांधाला टेकून मागे फिरली. म्हातारा नंतर कुणाला दिसला नाही. तो एलियाहू नबी होता, यहुद्यांच्या गोष्टींत अडल्यानडल्याच्या मदतीला येणारा, असं मिलकाबाई शेवटपर्यंत सांगायची.

पावसाळा सरल्यावर खालच्या वाडीने डोंगरातून दगड आणून नवं उखळ घडवलं. त्याला त्यांचा हात लागला म्हणून वरच्या आळीत काहींनी बनाजीचं तेल सोडलं. त्या वर्षी त्याच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटायची. त्याने कुणाची मनधरणी केली नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळी तोंडावर आली, तेव्हा खोताची बायको स्वतः तेल न्यायला बुधला घेऊन आली. तिच्यामागून सगळी आळी आली.

आता खारवाड्यात यहुद्यांचं एकही घर उरलेलं नाही. बनाजीचे वंशज इस्राएलला गेले. तरी दर वर्षी पावसाआधी अख्खं गाव बांधावर माती टाकायला जमतं, आणि पहिली पाटी खालच्या वाडीची असते. काम झालं की बायका पोहे, गूळ आणि ओलं खोबरं कालवून मलिदा करतात. एलियाहू नबीचं आणि बनाजीचं नाव घेतात, आणि मग वरची आळी आणि खालची वाडी एका पंगतीत बसून खातात.