कडू वेलाचे दुधी

वाराणसीत एक कडक शासनाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेर, नदीकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबात जन्म घेतला होता. वयात आल्यावर वडिलांचा मळा त्याने हाती घेतला. पहाटे तोडलेली भाजी ऊन चढण्याआधी पूर्व वेशीवर पोचे आणि नगरातली माणसे टोपल्या घेऊन तिची वाट पाहत उभी असत.

या घराची एक रीत होती. बोधिसत्त्व प्रत्येक मांडवावरचा एक दुधी उचली, देठाकडची चकती कापी आणि गिऱ्हाइकांसमोर ती कच्चीच चावून खाई. मग त्या मांडवाच्या सगळ्या दुधींच्या देठांना त्याचे म्हातारे वडील वाळल्या गवताची कडी बांधत. कडी दिसली की बायका पुढे काही विचारत नसत. एका मांडवाखाली एकाच वेलाचे बी लावलेले असे. म्हणून एक फळ चाखले की सगळी चाखली, असा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता.

त्या वर्षी पूर येऊन गेला. अर्धे वेल कुजले. ओसरलेल्या पाण्याने मांडवाच्या खांबाशी कुठलेसे बी टाकले आणि तिथे एक वेल आपोआप उगवला. बोधिसत्त्वाची बायको सोमा तणे काढत होती. तिने तो पाहिला, हातात धरलाही. पण सगळीकडे चिखल आणि कुजका वास असताना हिरवे काही उपटायला तिचा हात धजेना. वेल वर चढला, लावलेल्या वेलात मिसळला. पुढे दोघांची पाने वेगळी ओळखता येईनात.

एके दिवशी दुपारी, बाजार उरकून सगळे घरी आल्यावर, सोमा उरलेला एक दुधी चिरायला बसली. सवयीने तिने फोड जिभेला लावली. जीभ भाजल्यासारखी झाली. ती थुंकली, पाणी प्यायली, तरी कडवटपणा घशात उतरतच राहिला. तिच्या माहेरी एका गुराख्याने असला रानटी दुधी खाल्ला होता. दिवस मावळायच्या आत तो रक्त ओकून मेला होता.

ती मांडवाकडे धावली. सकाळी कापलेले देठ अजून ओले होते. एकेक देठ धरून ती हाताने वेल चाचपत खाली गेली, आणि पुन्हापुन्हा तिचा हात त्याच खांबाशी येऊन थांबला.

सोमा तिथेच बसली. वेशीवर एक सूळ उभा होता. नासलेले दूध विकणाऱ्या एका गवळ्याला राजाने त्यावर चढवले होते आणि नंतर सूळ काढलाच नव्हता. रोज पहाटे सोमा त्याच्यासमोरून मान खाली घालून जाई. आता तिला वाटले, विळा घ्यावा, वेल तोडावा, नदीत सोडावा. कोणाला कळणार आहे? तिने नगराकडे पाहिले. घरांवर अजून धूर नव्हता. चुली पेटायला दिवस कलायचा होता.

मागून पावले वाजली. तिने मुठीत तशीच राहिलेली फोड पुढे केली. बोधिसत्त्वाने ती चाखली, थुंकली आणि खांबाकडे पाहिले.

"हा वेल तू ठेवलास?"

"हिरवा होता," ती म्हणाली.

त्याने पाण्याची तांब्याची घागर रिकामी केली आणि खांद्यावर घेतली.

"अहो, कुठं निघालात? वेशीवरचा सूळ दिसत नाही का रोज?"

"दिसतो. माझे गुडघे बघ ना, कसे हलतायत. पण चुली पेटायच्या आत पोचायला हवं, सोमे."

ती त्याच्या मागे निघाली. आपण का निघालो हे तिला कळत नव्हते. घरी वाट पाहत बसण्याची भीती जास्त वाटली, एवढेच.

वेशीवर बाजाराचा अधिकारी भेटला. सगळे ऐकून त्याने बोधिसत्त्वाला भिंतीआड ओढले. "शहाणा असशील तर परत जा. कुणाला काही झालंच, तर कशानं झालं हे कोण सांगणार? ऊन लागलं म्हणू, शिळं खाल्लं म्हणू. माझ्या बाजारात विष विकलं गेलं हे राजाला कळलं, तर तुझ्यामागून माझी पाळी."

हा माणूस साऱ्या बाजाराच्या रक्षणासाठी नेमलेला होता. पण त्याच्या लेखी त्या नगरात एकच माणूस राहत होता, तो स्वतः.

बोधिसत्त्वाने दगड उचलून घागरीवर हाणला. "गवताची कडी असलेला दुधी खाऊ नका! फेकून द्या! माझा माल आहे, विषारी आहे!"

त्याचा आवाज चिरकला. तेव्हा दुसरा आवाज उठला आणि तो आपलाच आहे हे सोमाला ऐकल्यावर समजले. गल्लीमागून गल्ली दोघे ओरडत गेले. दारे उघडली. शिव्या आल्या. एक दुधी बोधिसत्त्वाच्या खांद्यावर येऊन फुटला.

कुंभारवाड्यात रेवा कुंभारीण उंबऱ्यावर वाकून ओकत होती. तिची चूल लवकर पेटली होती. सोमाने तिचे डोके मांडीवर घेतले आणि तेवढ्यात शिपाई आले. त्यांनी बोधिसत्त्वाला नेले. दोर बांधताना तो सोमाकडे वळून म्हणाला, "पुढच्या गल्लीत जा."

ती गेली.

राजाने विचारले, "नगराला विष विकलंस. शिक्षा माहीत आहे?"

"माहीत आहे, महाराज. सुळावर द्या. पण विणकरांची गल्ली राहिली आहे. तेवढं ओरडून येऊ द्या."

"पळून जाणार नाहीस कशावरून?"

"पळायचं असतं तर नगरात आलोच नसतो. महाराज, एक विचारू? त्या गवळ्याला दूध नासल्याचं कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. विकल्यावर कळलं. तरी गप्प बसला, म्हणून तर दोन माणसं मेली."

"तो गप्प का बसला?"

राजाने वेशीच्या दिशेने पाहिले. गवळ्याच्या आधी त्या वेशीवर आणखी एक विक्रेता सुळावर गेला होता आणि गवळ्याने ते पाहिले होते. राजा म्हणाला, "दोर सोडा. विणकरांच्या गल्लीत जाऊ द्या याला." त्या संध्याकाळी सूळ उपटण्यात आला. सोमाने तो पडल्याचा आवाज ऐकला. पण गल्ल्या संपवून ती रेवाच्या उशाशी परतली होती आणि रेवाचा श्वास मोजण्यापलीकडे तिला काही सुचत नव्हते.

रेवा वाचली.

सोमाने आणि बोधिसत्त्वाने तो वेल मुळासकट काढला. पुन्हा दुकान मांडले तेव्हा बोधिसत्त्वाने एकेक दुधी कापून चाखला. लोक दूर उभे राहिले. कोणी टोपली पुढे करीना. तेवढ्यात काठी टेकत रेवा आली.

"काय रे, आज सगळे चाखलेस, की एक मला चाखायला ठेवलायस?"

"सगळे चाखले, मावशी."

"मग दे. लहानसा दे, तुझा काही नेम नाही."

लोक हसले आणि पुढे सरकले.

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे भिक्षू आनंद, सोमा म्हणजे राहुलमाता आणि तो शेतकरी मीच होतो." एका भिक्षूने विचारले, "आणि तो बाजाराचा अधिकारी, भगवन्? तो आज कोण आहे?" शास्ते म्हणाले, "तो आज एक नाही, अनेक आहेत." गुडघे थरथरत असताना वेळेवर बोललेले सत्य, ही या जन्मातली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला गुण, होय.